कडता

दुखणं दहापैकी किती, डॉक्टरीणबाई विचारतात.
शून्य म्हणजे काहीच नाही,
दहा म्हणजे सोसवत नाही.

अकरा वर्षं हमाली, मग तेवीस वर्षं तोलाई,
सांगलीच्या यार्डात भूपाल मगदूम म्हटलं की पुरे होतं.
पोत्याला नुसता हात लावून सांगायचो
एकोणसाठ चारशे,
आणि काटा माझ्यामागून तिथंच येऊन थांबायचा.
आता पालथा पडलोय मिरज रोडच्या दवाखान्यात,
तोंड टेबलाच्या भोकात,
खाली दिसतात फक्त बाईंच्या निळ्या चपला,
आणि मला वजन सांगता येत नाही.

सात, म्हणालो.
पाच सांगायला लाज वाटली, आठ सांगायला भीती.

निलोफर मुजावर नाव. माझ्या धाकटीच्या वयाची.
पाठीवर टॉवेल टाकून ती मणके चाचपते,
बोट थांबतं, दाबतं, एक सोडून पुढं जातं.
हळदीचा जुना सौदा असाच व्हायचा.
रुमालाखाली अडत्याचा हात, खरेदीदाराचा हात,
चार बोटं धरली, एक सोडलं,
वर दोघांची तोंडं मख्ख
आणि खाली दर ठरलेला.
मालकाला सगळ्यात शेवटी कळायचा.

सुई नाही काका, लेझर आहे.
पेनाएवढी नळी, टोकाला लाल ठिपका.
कमरेत दोन्ही बाजूंना,
मग गुडघ्यामागच्या लवणीत,
मग घोट्यापाशी.
कंबर दुखते आणि दिवा घोट्याला?
मेन स्विच कुठं खोलीत असतो का, ती म्हणते.
ऊन लागत नाही, टोचत नाही.
यंत्र पिप् करतं तेव्हा कळतं
की एक जागा झाली.
न जाणवणाऱ्या गोष्टीचे साडेचारशे.

मग पेले.
फट् फट् पंप मारते
आणि कातडं आत चढतं, तव्यावरच्या भाकरीसारखं टम्म.
या पाठीला खालचीच सवय.
वर ओढणारं कुणी
पहिल्यांदाच भेटतंय तिला.

दुधगावला वैदीण यायची शिंगाची तुंबडी घेऊन.
वडिलांच्या कमरेला लावून तोंडानं वारा ओढायची,
भोकाला मेण चिकटवून
आमच्याच उंबऱ्यावर पान खात बसायची.
पायलीभर जोंधळा घेऊन गेली की आई म्हणायची,
भरली हिनं आपली तुंबडी.
वडील दुसऱ्या दिवशी मोटेवर.
बरं वाटलं का, हे त्यांना कुणी विचारलं नाही,
दहापैकी तर नाहीच.

दहा मिनिटं हलायचं नाही.
न हलता माणूस नको ते मोजत बसतो.
दर पोत्यामागं कडता धरायचो मी,
ओलीचा, मातीचा, बारदानाचा,
आणि शेवटी अर्धा किलो कशाचाच नाही.
रिवाज.
समोरचा टोपी सारखी करायचा
आणि मी पुढच्या पोत्याकडं वळायचो.

घरी सदरा काढला तर राजमती ओरडली,
अगं बाई, शिक्के मारून आणले की!
जांभळे, गोल, रुपयापेक्षा मोठे.
बोटानं मोजले तिनं. सात.
आठ पेले होते, मी म्हणालो.
एक धरला नसंल, म्हणाली,
आणि डावीकडच्या सगळ्यात काळ्यावर
तळहात तसाच ठेवून
टीव्हीवरच्या बातम्या बघत राहिली.

चौथ्या खेपेला टेबलावरून उतरून
वाकलो आणि चप्पल माझी मीच घातली.
विचारलं, लेझरनं झालं की पेल्यांनी?
खरं सांगू काका, मला नाही सांगता येणार.
काहींना गुण येतो, काहींना नाही.
चालायचं मात्र रोज.
दर उघडा सांगितला पोरीनं, रुमाल न टाकता.

मग वही ओढली. आता किती?
साडेचार.
तिचं पेन थांबलं.
अर्धा असतो का यात?

असतो की, बाई.
अर्ध्यावरच तर यार्ड चालतं.